आलापल्लीचा चौक आणि खेळांचे गणित

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या चौकातून अहेरी, एटापल्ली, आष्टी, भामरागड आणि सिरोंचा अशा वाटा फुटतात. कागदावर गावांचे बिंदू आणि वाटांच्या रेघा काढल्या की गणितातला आलेख तयार होतो. त्यावर दोघांनी खेळायचे. सोंगटी आलापल्लीवर ठेवायची, आळीपाळीने शेजारच्या गावी न्यायची, होऊन गेलेल्या गावी परत जायचे नाही. ज्याला चाल उरली नाही, तो हरला.

नकाशात या पाच वाटा आणि भामरागडपुढचे लाहेरी एवढेच धरू. पहिल्याने सोंगटी भामरागडला नेली, तर दुसरा ती लाहेरीला नेऊन त्याची कोंडी करतो. अहेरीला नेली, तर दुसराच अडकतो. नकाशा कितीही मोठा असो, निकालाची किल्ली एकच: जोड्या. रस्त्याने जोडलेल्या गावांच्या जास्तीत जास्त जोड्या लावायच्या, एक गाव एकाच जोडीत. आरंभीचे गाव वगळून तेवढ्या जोड्या लागतच नसतील, तर पहिला हुकमी जिंकतो. त्याने दर वेळी सोंगटी ज्या गावी असेल त्याच्या जोडीदाराकडे न्यायची. आरंभीचे गाव वगळता येत असेल, तर दुसरा जिंकतो. जोड्या लावण्याची झटपट रीत जॅक एडमंड्स यांनी 1965 मध्ये दिली, त्यामुळे हजार गावांचा नकाशाही संगणक सहज सोडवतो.

आता गावांच्या नावांच्या भेंड्या खेळू. आलापल्लीच्या ‘ल’वरून लाहेरी, ‘र’वरून रेपनपल्ली, पुन्हा ‘ल’वरून लगाम, ‘म’वरून मुलचेरा. आलापल्लीवरून लाहेरीला जाता येते, पण लाहेरीवरून आलापल्लीला येता येत नाही. रेघांना बाण लागले, आणि एवढ्यानेच सारे पालटले. बाण कसेही असू शकतात अशा व्यापक रूपात हा खेळ ‘पीस्पेस-पूर्ण’ आहे, हे थॉमस शेफर यांनी 1978 मध्ये सिद्ध केले. म्हणजे बेताच्या स्मृतीत, मात्र हवा तेवढा वेळ घेऊन सुटणारा कोणताही प्रश्न या खेळाच्या रूपात मांडता येतो. त्याची झटपट रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही.

अडचण प्रतिस्पर्ध्यापाशी आहे. एकट्याचे कोडे सुटले की उत्तर दाखवता येते, तपासता येते. दोघांच्या खेळात ‘माझ्याकडे अशी चाल आहे की समोरच्याच्या प्रत्येक उत्तरावर माझ्याकडे पुन्हा चाल असेल’ असे शेवटपर्यंत पटवावे लागते. ती हमी लिहून काढायची तरी फांद्यांचे रान माजते.

सोप्या आणि कठीण खेळांमधल्या अशा सीमारेषा इतरत्रही आहेत. 1901 मध्ये चार्ल्स बूटन यांनी निम या ढिगांच्या खेळाचा पूर्ण उलगडा केला. क्लॉड शॅनन यांच्या खेळात एक जण दोन ठिकाणे जोडू पाहतो, दुसरा तोडू पाहतो. रेघा जिंकायच्या असतील, तर आल्फ्रेड लेमन यांची 1964 ची रीत पुरते. रेघांऐवजी बिंदू जिंकायचे ठरले की खेळ पीस्पेस-पूर्ण होतो, हे शिमोन एव्हन आणि रॉबर्ट टार्जन यांनी 1976 मध्ये दाखवले. पट हवा तेवढा वाढवता येणाऱ्या बुद्धिबळाला तर घातांकी वेळ लागतोच, हे फ्रँकेल आणि लिक्टेनस्टाइन यांनी 1981 मध्ये सिद्ध केले.

ठरावीक पटाची गोष्ट निराळी. आपल्या वाघ-बकरीचा आणि तेलुगू मुलखातल्या पुलीजूदमचा नात्यातला नेपाळी बाघचाल 25 बिंदूंवर, 4 वाघ आणि 20 बकऱ्यांनी खेळतात. दोघेही अचूक खेळले तर तो बरोबरीत सुटतो, हे लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट यांनी संगणकाने तपासून दाखवले. पट ठरलेला असला की काम लांबते इतकेच. काठिण्याचा खरा प्रश्न पट वाढू लागला की उभा राहतो.

म्हणून खेळ कठीण की सोपा हे त्याच्या पसाऱ्यावरून ओळखता येत नाही, नियमाचा बारकावा पाहावा लागतो. आणि मूळ प्रश्न अजून खुला आहे. पीस्पेस-पूर्ण खेळांना झटपट रीत नाहीच, असा बहुतेक तज्ज्ञांचा कयास आहे, पण ते सिद्ध कोणीही केलेले नाही. त्या प्रश्नाशी झटायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. आश्रमशाळेतल्या मुलांना वाटांचा आणि भेंड्यांचा हे दोन खेळ आणि त्यांमधला फरक शिक्षकांनी जरूर दाखवावा. आजच्या गणितातल्या एका न सुटलेल्या प्रश्नापर्यंत मुले एका तासात पोहोचतील.