भर समुद्रातील रसद : नौदलाची पुरवठा जहाजे

पांढुर्णा व सौसर परिसरातील शेतकरी कापसाच्या वेचणीस अथवा संत्र्यांच्या तोडणीस गेला म्हणजे भाकरीसाठी दुपारी घरी परतत नाही. शिदोरी बांधावरच येते व काम खंडित होत नाही. नेमका हाच व्यवहार नौदल भर समुद्रात करते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जहाजांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

युद्धनौका वेगाने चालू लागली की तिचे इंधन झपाट्याने खर्च होते. प्रत्येक वेळी ती बंदरात परतू लागली, तर जाण्यायेण्यात अनेक दिवस जातील आणि तेवढा काळ तिचा पहारा उघडा पडेल. म्हणून इंधन, गोडे पाणी, धान्य व दारूगोळा घेऊन पुरवठा जहाज स्वतःच तिच्याकडे जाते. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या आपल्या क्षेपणास्त्र नौका लहान होत्या व त्यांचा पल्ला मर्यादित होता. त्या मोहिमेच्या दलात ‘पोषक’ या तेलवाहू जहाजाचा समावेश होता, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

हा पुरवठा जहाजे थांबवून केला जात नाही. दोन्ही जहाजे एकाच दिशेने, साधारणतः ताशी 22 ते 26 किलोमीटर या समान वेगाने, थोडक्या अंतरावरून समांतर चालतात. प्रथम एका जहाजावरून दुसऱ्यावर बारीक दोरी फेकली जाते. तिच्या साहाय्याने जाड दोर व शेवटी पोलादी तार ओढून घेतात. या ताणलेल्या तारेवरून इंधनाची जाड नळी पलीकडे सरकविली जाते. पेट्या व पोती दोरावरील कप्पीने किंवा हेलिकॉप्टरने पोचविली जातात.

हे काम जोखमीचे असते. दोन जहाजांमधील चिंचोळ्या जागेतून पाणी वेगाने वाहते, तेथील दाब कमी होतो व जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरील खलाशाचे क्षणभर दुर्लक्ष झाले तरी टक्कर होऊ शकते. म्हणून संकटसमयी नळी व दोर तत्काळ सोडवून दूर होण्याचा सराव नियमितपणे केला जातो. शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. दोन कागद थोड्या अंतरावर समोरासमोर लोंबते धरून मधून जोराने फुंकर मारावी. कागद दूर न जाता जवळ येतात.

या कामासाठी आपल्या नौदलात 1967 साली जर्मनीत बांधलेले पहिले ‘दीपक’ आले. पुढे 1996 मध्ये रशियात बांधलेले ‘ज्योती’ व 2000 मध्ये कोलकात्यात बांधलेले ‘आदित्य’ दाखल झाले. 2011 मध्ये इटलीत बांधलेली नवी ‘दीपक’ व ‘शक्ती’ ही जहाजे आली. नवे ‘दीपक’ सुमारे 175 मीटर लांब असून सुमारे 17,900 टन माल वाहू शकते. ताशी 1,500 टन इंधन देण्याची त्याची क्षमता आहे. तेल समुद्रात सांडू नये म्हणून त्याचा सांगाडा दुहेरी आहे. ऑगस्ट 2023 मध्ये विशाखापट्टणम येथील हिंदुस्थान शिपयार्डशी अशी पाच जहाजे देशातच बांधण्याचा करार झाला. त्यांपैकी प्रत्येक जहाज सुमारे 44,000 टनांचे असेल.

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी लागणारे बहुतांश कच्चे तेल परदेशातून सागरी मार्गानेच येते. मार्च 2024 मध्ये ‘कोलकाता’ या युद्धनौकेने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे 2,600 किलोमीटर अंतरावर ‘रुएन’ जहाजावरील 35 चाच्यांना शरण आणले व 17 खलाशांची सुटका केली. इतक्या दूरवर नौका दीर्घकाळ तैनात ठेवावयाच्या, तर त्यांच्यामागे रसदेची पक्की व्यवस्था असावी लागते. बांधावर शिदोरी पोचविणाऱ्या हातांइतकेच या जहाजांचे काम अबोल, परंतु अपरिहार्य आहे.