कोठडीतली ‘संमती’ आणि कायदा

ताब्यातल्या स्त्रीवर पोलीस, तुरुंगातले कर्मचारी किंवा सुधारगृहाचे चालक यांनीच केलेला बलात्कार हा भारतीय कायद्यात अधिक गंभीर गुन्हा मानला जातो. ही तरतूद महाराष्ट्रातल्या एका खटल्यातून आली.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी तिला तिथे आणले होते. नातेवाईक बाहेर थांबले होते. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांची पुन्हा मुक्तता केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, असा तर्क होता. ठाण्यात रात्री अडकलेली गरीब मुलगी वर्दीपुढे काय प्रतिकार करणार, हा साधा प्रश्न निकालाला पडला नाही.

तो प्रश्न उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी १६ सप्टेंबर १९७९ च्या खुल्या पत्रात सरन्यायाधीशांना विचारला. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अशा कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालय तसेच गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. या दुरुस्तीचा खरा प्राण इथे आहे.

१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ नुसार अशा बलात्काराला किमान १० वर्षे सक्तमजुरी आणि जास्तीत जास्त उर्वरित आयुष्यभर कारावास होतो. अधिकाराच्या जोरावर भुलवून ठेवलेला संबंध बलात्कार ठरला नाही, तरी कलम ६८ खाली ५ ते १० वर्षांची शिक्षा आहे. मात्र प्रौढ पुरुष कैद्यावरील बलात्कारासाठी संहितेत वेगळे कलमच नाही. ही उणीव गंभीर आहे.

अपवादात्मक परिस्थिती सोडता सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. तेव्हाही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही: पुणे जिल्ह्यातल्या सणसवाडीत घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद पुणे शहरातल्या ठाण्यातही नोंदवता येते. शरीरसंबंधाचा पुरावा आधी लागत असल्याने वैद्यकीय तपासणी लगेच करून घ्यावी. सरकारी वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने पीडितेवर मोफत प्रथमोपचार करणे बंधनकारक आहे.