वाळणारा घाम, ओघळणारा घाम

वैशाखात सोलापूरकडचा एखादा व्यापारी लांजा येथे नातलगांकडे आला की पहिल्याच दुपारी चकित होतो. त्याच्या गावी पारा ४० च्या पुढे गेलेला असतो. इथे तो पस्तिशीच्या आसपास घुटमळतो. तरीही त्याचा सदरा दुकानाच्या गादीवर बसल्याबसल्या चिंब होतो. 'कोकणात घाम फार येतो,' असे तो म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. घाम सोलापुरातही भरपूर येतो. तिथे तो लगेच वाळतो, म्हणून दिसत नाही.

देहाला थंडावा मिळतो तो घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. आपल्या त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी आहेत. रक्त तापू लागले की मेंदूतील एक लहानसे केंद्र त्यांना आज्ञा देते आणि शरीरातील पाणी थोड्या मिठासह त्वचेवर येते. असा एक लिटर घाम वाफ होऊन गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. तेवढाच घाम कपाळावरून टपकून जमिनीवर पडला, तर पाणी गेले, मीठ गेले, उष्णता मात्र देहातच राहिली. व्यापाऱ्याच्या भाषेत, माल गेला आणि दामही आले नाहीत. कोकणची हवा समुद्राच्या बाष्पाने आधीच भरलेली असते. ती आणखी पाणी घेणार तरी किती?

म्हणून इथे केवळ तापमानाच्या आकड्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी तिथले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भात एवढ्या उन्हाला कोणी फारसे मोजत नाही.

तीर्थंकरांच्या जन्मातिशयांत निःस्वेदत्व, म्हणजे देहाला घाम नसणे, सांगितले आहे. आपणा सामान्यांचे मात्र घामावाचून एक दुपारही निभणार नाही. त्याला उगाच नावे ठेवली जातात. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. त्वचेवरील सूक्ष्म जंतू, विशेषतः काखेत, त्याचे विघटन करतात तेव्हा दुर्गंधी येते.

आपल्या घरांत चौविहार पाळणाऱ्यांनी एक हिशेब अवश्य करावा. मे महिन्यात सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत सुमारे १२ तास पाणी नाही, आणि कोकणातल्या रात्रीही घाम थांबत नाही. सूर्यास्ताच्या आधी घाईघाईने तांब्याभर पाणी पिऊन हे भागत नाही. त्यातले बरेचसे मूत्रावाटे निघून जाते. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे, आणि रात्री वारा खेळेल अशा जागी निजावे. वर्षीतपाचे शेवटचे उपवास तर अक्षय तृतीयेच्या आधीच्या, ऐन उन्हाळ्याच्या दिवसांत येतात. उपवासाला पाण्याशिवाय काही चालत नाही, त्यामुळे घामातून गेलेले मीठ बियासणापर्यंत भरून निघत नाही. त्या दिवशी गोदामातील उचलठेव इतरांवर सोपवावी. बियासणाला मीठ घातलेले कोकम सरबत घ्यावे. त्यासाठी लांज्यात दूर जावे लागत नाही.

घाटावरून नव्याने आलेल्या माणसाचे शरीर या हवेला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. तोवर त्याने जपून राहावे. वृद्धांना घाम कमी येतो आणि तहानही उशिरा जाणवते, म्हणून आजी-आजोबांनी मागण्याची वाट न पाहता पाणी पुढे करावे. मात्र रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी, तसेच हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी, मीठ आणि उपवास यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

उष्माघातात अंग कोरडे पडते, असे आपण ऐकत आलो आहोत. दमट हवेत, विशेषतः श्रम करताना, ते ओलेही असू शकते. अंग तापलेले असून माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागला, तर घामाकडे पाहत बसू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.