मेट्टूरची पातळी आणि डॅशबोर्डचा वाचक

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्ह्याचा भात-हंगाम मोठ्या प्रमाणात मेट्टूर धरणाच्या पाण्यावर ठरतो. पूर्ण पातळी १२० फूट असलेल्या या धरणातून सिंचनासाठी पाणी सोडण्याचा रूढ दिवस १२ जून. तो दरवर्षी साधतोच असे नाही : २०२२ मध्ये पाणी २४ मे रोजीच सुटले, तर २०२४ मध्ये २८ जुलैपर्यंत वाट पाहावी लागली. धरणसाठा, विसर्ग, पाऊस आणि खरेदी यांची माहिती एकत्र दाखवणारा डॅशबोर्ड अशा ठिकाणी उपयुक्त ठरेल, यात शंका नाही. मात्र तो सर्वांना सारखाच दाखवावा काय?

धरणपातळीचा एकच आकडा घेऊ. सिंचन अभियंता त्यावरून विसर्गाचे वेळापत्रक आखतो. कृषी अधिकारी बियाण्यांच्या मागणीचा अंदाज बांधतो. शेतकऱ्याला मात्र निर्णय घ्यायचा असतो : कुरुवै या अल्प मुदतीच्या भातासाठी आताच रोपवाटिका टाकावी, की थांबून दीर्घ मुदतीचे सांबा घ्यावे? मेट्टूरचे पाणी कल्लणै बंधाऱ्यापर्यंत यायला साधारण तीन-चार दिवस लागतात आणि तेथून कालव्याच्या शेवटच्या टोकाला पोहोचायला आणखी काही. ‘पाणी सुटले’ ही एकच हिरवी खूण शीर्षभागातील आणि टेलकडील शेतकऱ्याला दाखवली, तर टेलकडील शेतकरी घाईने बी टाकेल आणि त्याची रोपे पाण्याअभावी वाळतील. त्याच्या पडद्यावर धरणपातळीपेक्षा त्याच्या वितरिकेत पाणी येण्याची अपेक्षित तारीख आणि मागील वर्षांच्या प्रत्यक्ष तारखा अधिक मोलाच्या.

ही जुळवणी कशाच्या आधारे करावी? वापरकर्ता काय वारंवार उघडतो, हे पाहून तेच वर आणण्याची पद्धत आज लोकप्रिय आहे. शेतीत ती फसवी वाटते. जूनमध्ये केवळ विसर्ग पाहणाऱ्या शेतकऱ्याला ऑक्टोबरमध्ये पावसाचा अंदाज हवा असतो. कारण कुरुवैची कापणी आणि ईशान्य मोसमी पाऊस एकाच सुमारास येऊ शकतात. थेट खरेदी केंद्रावर भातातील ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १७ टक्के आहे, ती कधी शिथिलही होते. त्या दिवसांत शेतकऱ्याला हाच आकडा लागतो. पण जुन्या सवयीवर चालणारा डॅशबोर्ड त्याला धरणच दाखवत राहील. म्हणून गाव, वितरिका, पीक व पेरणीची तारीख एवढे चार प्रश्न सुरुवातीस विचारावेत आणि पुढील मांडणी पिकाच्या अवस्थेनुसार बदलावी.

काही गोष्टी मात्र निवडीवर सोडू नयेत. नारळ बागायतदाराने भाताची माहिती काढून टाकली तर हरकत नाही. पण १६ नोव्हेंबर २०१८ रोजी वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने पट्टुकोट्टै-पेरावूरणी भागातील नारळबागा उद्ध्वस्त केल्या, हे लक्षात घेता वादळाचा इशारा बंद करण्याची सोय असू नये. तसेच एखादी माहिती का दिसते आहे, हे तिच्याखाली एका ओळीत लिहावे आणि संपूर्ण माहिती एका स्पर्शावर ठेवावी.

भाषा तमिळ असावी हे उघडच आहे. मोजमापाचा विचार मात्र अनेकदा राहून जातो. अधिकारी हेक्टरमध्ये बोलतो, तर या प्रदेशातील शेतकरी अजूनही ‘मा’ आणि ‘वेली’ मोजतो. एक मा म्हणजे सुमारे एक तृतीयांश एकर, म्हणजे आपल्याकडचे तेरा-चौदा गुंठे. खताची मात्रा हेक्टरी दिली, तर हा हिशेब त्याला बांधावर उभे राहून तोंडी करावा लागतो.