स्पष्टीकरण : पाणी आम्ल झाले की भाताच्या मुळांचे काय होते? कुट्टनाडचा धडा

अलप्पुझा : समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ०.६ ते २.२ मीटर खाली भात पिकवणाऱ्या केरळमधील कुट्टनाडची ओळख पूर आणि खाऱ्या पाण्याशी जोडलेली आहे. मात्र येथील काही भागांत शेतकऱ्याचा आणखी एक शत्रू थेट जमिनीत दडलेला असतो, तो म्हणजे आम्ल. शेत पाण्याखाली असते तोवर तो शांत राहतो. शेत कोरडे पडले की जागा होतो.

पुरक्काड, करुमाडी, वैकोम या परिसरांतील काळ्या मातीला ‘करी’ म्हणतात. मल्याळममध्ये या शब्दाचा अर्थ कोळसा असा आहे. प्राचीन काळी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचे अवशेष या मातीत आजही सापडतात. तिच्या खालच्या थरांत लोह आणि गंधक यांचे ‘पायराइट’ हे संयुग असते. पाण्याखाली त्याला हवा मिळत नाही, त्यामुळे ते निरुपद्रवी राहते. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की हवेतील प्राणवायू खोलवर पोहोचतो आणि पायराइटपासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. पुढच्या पावसात हे आम्ल विरघळून शेतातील आणि चरांतील पाण्यात उतरते.

आम्लता किती?

पाण्याची आम्लता ‘सामू’ या मापाने मोजतात. सामू ७ म्हणजे उदासीन. आकडा जितका कमी, तितकी आम्लता अधिक. येथे एका अंकाचा फरक दहापटींचा असतो. म्हणजेच सामू ४ असलेले पाणी सामू ६ असलेल्या पाण्यापेक्षा शंभरपट आम्ल असते. स्वच्छ पावसाचे पाणीही सुमारे ५.६ सामूचे, म्हणजे किंचित आम्ल असते आणि पिकांना त्याचा त्रास होत नाही. सुकलेल्या करी मातीचा सामू मात्र ४ च्याही खाली जाऊ शकतो.

रोपावर परिणाम

आम्ल पाणी रोपाला थेट ‘जाळते’, ही समजूत अपुरी आहे. मुख्य हानी होते ती आम्लामुळे मातीतून सुटणाऱ्या धातूंनी. सामू ५.५ च्या खाली गेला की मातीच्या कणांत बांधलेले ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळांच्या टोकांची वाढ रोखते. मुळे आखूड, जाड आणि तपकिरी होतात; त्यांना पाणी व अन्नद्रव्ये पुरेशी शोषता येत नाहीत. त्याच वेळी स्फुरद हे लोह व ॲल्युमिनियमशी जखडले जाते. त्यामुळे खत टाकूनही पीक उपाशी राहते.

दुसरे संकट लोहाचे. शेतात पुन्हा पाणी भरल्यावर आम्लता हळूहळू कमी होते, पण हवेअभावी विरघळलेल्या लोहाचे प्रमाण वाढते. पाण्यावर लालसर तवंग दिसतो, जुन्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके पसरतात आणि फुटवे कमी येतात. या ठिपक्यांना करपा समजून बुरशीनाशक फवारल्यास खर्च वाया जातो, मूळ कारण मात्र तसेच राहते.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे धुऊन काढणे. पेरणीपूर्वी शेतात पाणी भरून ते पंपाने बाहेर टाकले की आम्ल आणि विरघळलेले धातू वाहून जातात. त्यानंतर माती फार सुकू न देणे आणि चर पायराइटच्या थरापर्यंत खोल न खणणे महत्त्वाचे ठरते. बाहेर टाकलेले पाणी शेजारच्या शेतात शिरू नये, यासाठी बांधाआतील सर्व शेतकऱ्यांना पाण्याचे वेळापत्रक एकत्र ठरवावे लागते.

दुसरा उपाय चुन्याचा. केरळ कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार भातासाठी हेक्टरी ६०० किलो चुना दोन हप्त्यांत द्यावा : ३५० किलो पहिल्या नांगरणीवेळी आणि उरलेला २५० किलो पेरणी किंवा लावणीनंतर सुमारे महिन्याने. चुन्यामुळे सामू वाढतो, ॲल्युमिनियम पुन्हा घट्ट बांधले जाते आणि पिकाला कॅल्शियम मिळते. मात्र खालच्या थरात पायराइट शिल्लक असल्याने हा उपाय एकदा करून भागत नाही.

सर्वच पिकांना आम्लता मारक नसते. चहाला ४.५ ते ५.५ सामूची जमीन मानवते. कोकणातील जांभ्या जमिनीही आम्लधर्मी आहेत. तेथे कारण पायराइट नसून मुसळधार पावसाने कॅल्शियम व मॅग्नेशियम वाहून जाणे हे आहे. कारण वेगळे असले, तरी चुना किती द्यायचा हे अंदाजाने न ठरवता माती तपासूनच ठरवावे लागते. मृदा आरोग्य पत्रिकेवरील १२ घटकांमध्ये सामूचीही नोंद असते.