वेदनाशामक गोळ्या आणि वहीची शिस्त

कोल्हारच्या बाजारपेठेत आमच्या काकासाहेबांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ कापडाचे दुकान चालविले. दिवसाचा रोजमेळ जुळल्याखेरीज ते गादीवरून उठत नसत. अशा माणसाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि तो हाडांत उतरला, तेव्हा वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांना कूस बदलणेही अशक्य झाले. हातात माळ असे, ओठ हलत असत, परंतु कण्हण्याचा आवाज ते बाहेर येऊ देत नसत. रात्री नगर-मनमाड रस्त्यावरच्या मालमोटारींचा आवाज ऐकत ते जागे राहत. शहरातील डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ती चिठ्ठी चार दिवस घरातील खणात पडून राहिली.

कारण एकच होते, भीती. ‘मॉर्फीन म्हणजे अफू ना? आपल्या घरात?’ हा माझ्या चुलतभावाचा पहिला प्रश्न. मारवाडातून आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत अफूच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘अमला’च्या, नादाने धुळीस मिळालेल्या घरांच्या कथा वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आहेत. त्यात न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला, की इकडे या गोळ्यांनी गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली, काही झाले तरी आजोबांना देऊ नका. त्याचे म्हणणे निराधार नव्हते. अमेरिकेत १९९६ नंतर अशा औषधांचा बेसुमार प्रचार झाला, किरकोळ दुखण्यांनाही ती दिली गेली आणि पुढे बेकायदा फेंटानिल आले. २०२१ या एका वर्षात तेथे या वर्गातील पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे ८० हजार माणसे दगावली. परंतु तेथील दुखणे अतिवापराचे होते आणि आपल्याकडचे बहुतांशी त्याच्या उलट आहे, हा भेद त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नाही.

विरोधाभास पाहा. ज्या खणात ती चिठ्ठी होती, त्याच खणात ट्रमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या होत्या. काकीजींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या पाच दिवसांसाठी लिहून दिलेल्या होत्या, पण जुन्या चिठ्ठीवर दोन वर्षे येत राहिल्या. मुनीमजींची पाठ दुखली की एक, सूनबाईंचे डोके दुखले की एक. ट्रमाडॉल हे त्याच घराण्यातील, तुलनेने सौम्य औषध आहे, हे घरात कोणास ठाऊक नव्हते. एकीकडे मरणप्राय वेदनेतही गोळी नाकारायची आणि दुसरीकडे तिच्याच धाकट्या बहिणीचा प्रसाद वाटायचा, असा आमचा व्यवहार चालला होता.

त्याची किंमत काकीजींनी मोजली. एका रात्री गुडघा फारच दुखला म्हणून त्यांनी एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या आणि वर नेहमीची झोपेची गोळी घेतली. पहाटे सामायिकाला त्या उठल्या नाहीत. हलविले तरी डोळे उघडेनात, घशातून घरघर येत होती आणि श्वास इतका संथ की दोन श्वासांमध्ये आपलाच जीव टांगणीला लागावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. रुग्णालयात या औषधांचा परिणाम उलटविणारे नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन दिले आणि दोन दिवसांनी काकीजी घरी परतल्या. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले एक वाक्य मी बँकेच्या परिपत्रकासारखे पाठ केले आहे, की दुखण्याची ही गोळी, झोपेची गोळी आणि मद्य यांपैकी कोणतीही दोन एकत्र आली की श्वासावर घाला पडतो. मद्याचा प्रश्न आपल्या घरांत येत नाही, पण झोपेच्या गोळीचा येतो, आणि ती घेणारी व्यक्ती डॉक्टरांना ते सांगत नाही. मानसिक विकारांवरची काही औषधे चालू असतानाही ट्रमाडॉल घातक ठरू शकते, झटकेही येऊ शकतात. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे हे पहिले काम.

काकीजींना घेऊन परतताना त्याच डॉक्टरीणबाईंना मी काकासाहेबांची चिठ्ठी दाखविली. त्या म्हणाल्या, ‘ज्यांना गरज नाही त्यांना देता आणि ज्यांना आहे त्यांना देत नाही.’ मी खाली मान घातली.

मग औषध मिळविण्याची खटपट सुरू झाली. दोन औषध दुकानांनी नकार दिला, आणि त्यांचाही दोष नव्हता. १९८५ साली अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा आला. नियम इतके जाचक झाले, की रुग्णालये आणि विक्रेते मॉर्फीन ठेवण्यासच कचरू लागले आणि पुढच्या बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते, नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते, आपली अफू परदेशी जाते आणि आपलाच रुग्ण तळमळतो, असा हा उफराटा जमाखर्च होता. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फीन, फेंटानिल आदी काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सोपे झाले. आपल्या राज्यात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, १९८६ पासून वांद्र्यात असलेले शांती अवेदना सदन, पुण्यात वारजे येथील सिप्ला उपशामक केंद्र ही वेदनेवर उपचार करणारी जुनी ठिकाणे आहेत. वाचकांनी ध्यानात ठेवावे, की मॉर्फीनसाठी गल्लीतील औषध दुकान नव्हे, तर अशी मान्यताप्राप्त संस्था गाठावी लागते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेले औषध रुग्णाने घरी बाळगणे हा गुन्हा नाही. ती चिठ्ठी मात्र औषधासोबतच ठेवावी.

आता व्यसनाविषयी. शरीराला औषधाची सवय होणे वेगळे आणि मनाला त्याची ओढ लागणे वेगळे. पहिली गोष्ट बहुतेकांत घडते, म्हणूनच औषध एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावे लागते. दुसरी गोष्ट कर्करोगाच्या रुग्णांत, देखरेखीखाली औषध दिले असता क्वचितच घडते. मात्र गुडघे, पाठ, डोकेदुखी अशा वर्षानुवर्षांच्या दुखण्यांवर हीच औषधे महिनोन्महिने चालू ठेवली, अथवा रुग्णाला पूर्वीच कसले व्यसन असेल, तर धोका खरा आहे. भीती आपण नेमकी उलट्या ठिकाणी बाळगतो.

काकासाहेबांची खरी अडचण वेगळीच निघाली. त्यांचा चाळीस वर्षांचा चौविहार होता, आणि साधी मॉर्फीनची गोळी दर चार तासांनी घ्यावी लागते. दुखणे उफाळल्यावर घेण्याऐवजी घड्याळाप्रमाणे घेतली तरच ती वेदना थोपवून धरते. काकासाहेबांनी स्वच्छ नकार दिला. महासतीजी दर्शन देण्यासाठी घरी आल्या असता विषय निघाला. त्यांनी सांगितले, की पच्चक्खाणाच्या पाठातच समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेला आहे. याहून अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही. डॉक्टरांनीही ऐकून घेतले. प्रथम चार दिवस चार तासांच्या गोळ्यांनी योग्य मात्रा ठरविली, त्यानंतर बारा तास टिकणारी गोळी दिली, एक सूर्यास्तापूर्वी आणि एक सकाळी नवकारशीनंतर. ही लांब पल्ल्याची गोळी कधीही तोडू, कुटू अथवा चावू नये, कारण बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. रात्री अचानक कळ आलीच तर लहान गोळी जवळ होती. ती त्यांनी संपूर्ण आजारात तीनदाच रात्री घेतली. आपल्या घरचे व्रत-नियम डॉक्टरांना आधीच सांगावेत, लाजू नये. त्यावर वाट निघते.

औषध सुरू करताना दोन गोष्टी होतात. मळमळ आणि झोपाळूपणा काही दिवसांत ओसरतो. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्याच दिवसापासून रेचक घ्यावे लागते. येथे आमची एक घरगुती चूक झाली. काकीजींनी इसबगोल सुरू केले. या प्रकारच्या बद्धकोष्ठात, आणि त्यातही सूर्यास्तानंतर पाणी नसताना, इसबगोल आतड्यात गोळा होऊन उलट अडचण करते. आतड्याला चालना देणारे औषध डॉक्टरांनीच लिहून दिले. ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे त्यांच्या शरीरात मॉर्फीन साठत जाते, म्हणून रक्ताची तपासणी वेळोवेळी व्हावी. आणि ही औषधे चालू असताना, विशेषतः मात्रा वाढविली त्या दिवसांत, दुचाकीला हात लावू नये.

आता वहीविषयी. बँकेत तिजोरीला दोन चाव्या असत, दोन अधिकाऱ्यांकडे, एकट्याला ती उघडता येत नसे. सदतीस वर्षे मी त्या शिस्तीत काढली. घरी लोखंडी पेटीला एकच कुलूप लावले. चावी सूनबाईंकडे आणि वही माझ्याकडे राहिली. वहीत तारीख, वेळ, गोळी कोणी दिली, वेदना दहापैकी किती, शौच झाले काय, आणि शेवटच्या रकान्यात शिल्लक. चुलतभाऊ प्रारंभी हसला. आठव्या दिवशी सायंकाळी तो दुकानातून येऊन गोळी देऊ लागला, तोच मी वही पुढे केली. वीस मिनिटांपूर्वी सूनबाईंनी ती दिलेली होती. तो मुकाट्याने बसला. आणखी एक गोष्ट वहीतूनच उमगली. जादा गोळी रोज सकाळी स्नानाच्या वेळी लागत होती, कारण अंग हलविताच कळ येई. डॉक्टरांनी ती स्नानापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी द्यायला सांगितली आणि सकाळ सुसह्य झाली. तपासणीस जाताना डॉक्टर प्रथम ती वहीच मागत.

शेवटच्या महिन्यात गिळणे कठीण झाले, तेव्हा फेंटानिलची पट्टी आली. ती कातडीवर चिकटवितात आणि साधारणतः तीन दिवसांनी बदलतात. तीवर शेकण्याची पिशवी ठेवू नये, उष्णतेने औषध वेगाने अंगात शिरते. काढलेल्या पट्टीतही औषध उरलेले असते, म्हणून ती चिकट बाजू आत करून घडी घालावी आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. आमच्या घरी तीन वर्षांचा पणतू होता. एक पट्टी, एक गोळीही अशा बालकाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून पेटीचे कुलूप अखेरपर्यंत निघाले नाही. घरातील कोणी हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला दहाहून कमी झाला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत असतील, तर एक क्षणही न दवडता रुग्णवाहिका बोलवावी.

काकासाहेब कार्तिकात गेले. शेवटच्या सायंकाळपर्यंत ते शुद्धीत होते, त्यांनी सर्वांशी क्षमापना केली. औषधाने बुद्धी झाकोळेल, मरण लवकर येईल, ही जी शंका आम्ही चार दिवस उराशी धरून बसलो होतो, ती खोटी ठरली. ते चार दिवस मात्र त्यांना वेदनेत काढावे लागले, आणि ते आमच्या खाती जमा आहेत.

तेराव्या दिवशी मी आणि चुलतभाऊ पेटी घेऊन त्या केंद्रात गेलो. बारा तासांच्या १४ गोळ्या, साध्या २२ आणि फेंटानिलची एक न वापरलेली पट्टी, वहीतील शिल्लक आणि पेटीतील शिल्लक जुळली. परिचारिकेने मोजून घेतल्या आणि सही केली. काकीजींच्या ट्रमाडॉलच्या पट्ट्या त्याआधीच जमा केल्या होत्या. गुडघ्यासाठी आता व्यायाम, वजन आणि कधीमधी पॅरासिटामॉल चालते, आणि त्याचीही नोंद त्याच वहीत होते, कोऱ्या उरलेल्या पानांवर.