एका गोळीतील दोन औषधे

शस्त्रक्रियेनंतर, हाड मोडल्यावर किंवा कंबरेच्या तीव्र दुखण्यात साध्या औषधाने भागत नाही, तेव्हा भारतातील डॉक्टर अनेकदा ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल यांची संयुक्त गोळी लिहून देतात. प्रचलित गोळीत साडेसदतीस मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. त्यांपैकी पहिले औषध अफूवर्गीय, म्हणजे मॉर्फिनप्रमाणेच चेतासंस्थेतील विशिष्ट ग्राहींवर काम करणारे असते. दुसरे म्हणजे तापासाठी घरोघरी घेतले जाणारे परिचित औषध. पट्टीवर कंपनीने दिलेले नाव ठळक आणि घटकांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असल्याने, आपण एकाच वेळी दोन औषधे घेत आहोत आणि त्या दोन्हींच्या कमाल मर्यादा वेगवेगळ्या आहेत, हे पुष्कळ रुग्णांच्या ध्यानात येत नाही. या गोळीपासून होणारे बरेचसे अपाय याच अज्ञानातून होतात आणि म्हणूनच ते टाळण्याजोगे आहेत.

दोन वेदनाशामके एकत्र देण्यामागे निश्चित विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती मांडली, तिच्या मधल्या पायरीवर सौम्य अफूवर्गीय औषध आणि पॅरासिटामॉलसारखे साधे औषध यांची जोड सुचवलेली होती. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन औषधे एकत्र आली की प्रत्येकाची मात्रा कमी ठेवूनही वेदना पुरेशी शमते. शिवाय पॅरासिटामॉलचा परिणाम लवकर सुरू होतो आणि ट्रॅमाडॉलचा अधिक काळ टिकतो, त्यामुळे आराम लवकर मिळतो आणि लांबतोही.

ट्रॅमाडॉल हे जर्मनीतील ग्रुनेंथाल कंपनीने १९६२ मध्ये तयार केलेले कृत्रिम औषध असून ते १९७७ पासून तेथे विकले जाऊ लागले. ते दोन प्रकारे काम करते: एकीकडे ते अफूवर्गीय ग्राहींना चिकटते आणि दुसरीकडे सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन या चेतासंदेश वाहणाऱ्या रसायनांचे पुनर्शोषण रोखते. मात्र मूळ स्वरूपात त्याची अफूवर्गीय ताकद थोडीच असते; यकृतातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याचे अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करते आणि खरा परिणाम बऱ्याच अंशी त्या द्रव्याचा असतो. या विकराचा वेग माणसागणिक आनुवंशिकतेने बदलतो. काहींच्या शरीरात हे रूपांतर फारसे होत नसल्याने त्यांना गोळीचा उपयोग जाणवत नाही, तर काहींच्या शरीरात ते इतक्या झपाट्याने होते की नेहमीच्या मात्रेनेही गुंगी येते आणि श्वास मंदावतो. शेजाऱ्याला मानवलेली गोळी आपल्यालाही मानवेल हा समज ट्रॅमाडॉलच्या बाबतीत धोकादायक का, याचे उत्तर यात आहे. याच कारणास्तव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना ट्रॅमाडॉल देण्यास, तसेच टॉन्सिल किंवा ॲडेनॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर अठरा वर्षांखालील मुलांना ते देण्यास प्रतिबंध केला आणि स्तनपान करणाऱ्या मातांनी ते घेऊ नये असे सुचवले.

अफूवर्गीय औषधांचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावणे. दारू, झोपेच्या गोळ्या आणि चिंतेवर दिली जाणारी अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम यांसारखी औषधे हेच केंद्र मंदावतात, म्हणून या गोळीबरोबर दारू पूर्णपणे वर्ज्य आहे आणि झोपेची गोळी चालू असल्यास ती गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगणे अनिवार्य आहे. ट्रॅमाडॉलचा आणखी एक धोका इतर अफूवर्गीय औषधांत क्वचितच दिसतो. त्याने आकडी येऊ शकते. मात्रा वाढली की हा संभव वाढतो आणि ज्यांना पूर्वी आकडी आली आहे किंवा डोक्याला मार लागला आहे त्यांच्यात तो अधिक असतो. नैराश्यावरील अनेक औषधे शरीरातील सेरोटोनिन वाढवतात. त्यांच्या जोडीने ट्रॅमाडॉल घेतल्यास घाम, थरथर, अस्वस्थता, ताप आणि स्नायूंचे झटके अशी लक्षणे असलेली गंभीर अवस्था उद्भवू शकते, तिला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. मनाच्या आजाराचे औषध चालू असल्याचे हाडांच्या डॉक्टरांना सांगण्यास अनेक जण संकोचतात; हा संकोच समजण्यासारखा असला तरी येथे तो जिवावर बेतू शकतो. मधुमेही रुग्णांनी हेही लक्षात ठेवावे की ट्रॅमाडॉलमुळे कधीकधी रक्तातील साखर अचानक उतरते.

पॅरासिटामॉलचा धोका याहून फसवा आहे, कारण त्याला कोणी घाबरत नाही. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम मानली जाते. नियमित मद्यपान करणाऱ्यांना, कृश व्यक्तींना आणि यकृताचा विकार असलेल्यांना याहून बरेच कमी सांगितले जाते. संयुक्त गोळीची कमाल मात्रा दिवसाला आठ गोळ्या आहे आणि बहुतेकांना त्याहून कमीच लिहून दिली जाते. आठ गोळ्यांतून २६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जाते. आता अशा रुग्णाने अंग कणकणते म्हणून ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी दिवसातून तीनदा घेतली, तर आणखी १९५० मिलिग्रॅमची भर पडून बेरीज ४५५० होते. डॉक्टरांनी सांगितलेली एकही मात्रा न मोडता मर्यादा ओलांडली जाते ती अशी. सर्दी-खोकल्यावरील अनेक तयार औषधांतही पॅरासिटामॉल असते, हे वेगळेच.

मर्यादा ओलांडल्यावर नेमके काय होते? पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतात एका विषारी द्रव्यात बदलतो आणि ग्लुटाथायोन हे यकृतातील संरक्षक रसायन ते द्रव्य निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि विषारी द्रव्य यकृताच्या पेशींचा नाश करू लागते. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, किंबहुना बरेच वाटते, आणि यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. त्यावरील उतारा, ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या आठ तासांत दिला गेल्यास सर्वाधिक परिणामकारक ठरतो. जास्त गोळ्या पोटात गेल्याचे कळल्यावर लक्षणांची वाट पाहत घरी थांबणे म्हणूनच घातक आहे. अमेरिकेने २०११ मध्ये संयुक्त वेदनाशामकांच्या प्रत्येक गोळीतील पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपुरते मर्यादित करण्याचे ठरवले, त्यामागे यकृताची हीच हानी होती.

भारतात ट्रॅमाडॉल औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत येते. विक्रेत्याला ते चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव तसेच दिलेली मात्रा यांची नोंद ठेवावी लागते. २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही आणले गेले. या कडकपणाला कारण आहे, कारण या औषधाचा नशेसाठी गैरवापर होतो; पण त्यामुळे गरजू रुग्णाने वेदना सोसत बसावे असा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल. काही आठवडे सलग घेतल्यावर शरीर औषधाला सरावते आणि ते एकदम थांबवल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता व निद्रानाश होतो. ही शारीरिक सवय आहे. दुखणे नसतानाही औषधाची ओढ लागणे आणि अपाय दिसत असूनही ते न सोडवणे, हे व्यसन होय. या दोहोंतील फरक कुटुंबीयांनी समजून घेतला पाहिजे. पहिल्या स्थितीत डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. दुसरीत व्यसनमुक्तीचे उपचार लागतात आणि केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा त्यासाठी उपलब्ध आहे.

प्रत्यक्ष गोळी घेताना एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. पहिले काही दिवस चक्कर आणि गुंगी येते, म्हणून दुचाकी चालवणे टाळावे. वृद्ध माणसे रात्री लघवीला उठताना पडतात आणि एका दुखण्यात दुसऱ्याची भर पडते. त्यांच्या बाबतीत, तसेच मूत्रपिंड कमजोर असलेल्यांच्या बाबतीत, डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा दोन गोळ्यांमधील अंतर वाढवतात. बद्धकोष्ठ हा त्रास जवळजवळ ठरलेला असल्याने पाणी, पालेभाज्या आणि गरजेनुसार सौम्य रेचक यांची तजवीज सुरुवातीपासूनच करावी. हाक मारूनही रुग्ण जागा होत नसेल, श्वास फार संथ किंवा घरघरता येत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा आकडी आली असेल, तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी, कारण घटकांची नावे कळली की उपचारांचा वेळ वाचतो.

दुखणे थांबल्यावर उरलेल्या चार-सहा गोळ्या पुढे कधीतरी उपयोगी पडतील म्हणून औषधांच्या डब्यात जपून ठेवण्याची सवय बहुतेक घरांत असते. याच गोळ्या पुढे लहान मुलांच्या हाती लागतात किंवा दाढदुखीने बेजार झालेल्या दुसऱ्या कुणाला दिल्या जातात. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये जुनी व न वापरलेली औषधे नष्ट करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर औषधे परत गोळा करण्याची व्यवस्था त्यांत सुचवलेली असली तरी ट्रॅमाडॉलसह सतरा औषधे घरात धोका म्हणून राहू नयेत यासाठी ती शौचकुपात टाकून पाणी सोडावे, असे त्यांत सांगितले आहे.